दुखणं अंगावर काढू नका : डॉ. आनंदीबाई जोशी यांचं आयुष्य काय सांगून जातं

कल्याणच्या एका मुलीला चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत आणि बाळ गेलं. त्या दुःखातून ती मुलगी डॉक्टर व्हायला निघाली, सातासमुद्रापार गेली आणि डॉक्टर होऊन परत आली. पण बावीस वर्षं पूर्ण व्हायच्या आत आजारपणाने तिलाही नेलं. डॉ. आनंदीबाई जोशी यांची ही गोष्ट.

शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव सगळ्यांनी वाचलेलं असतं. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक, एवढं पाठही असतं. पण बाळ आजारी पडलं तर घरात काय करायचं आणि दवाखान्यात कधी न्यायचं, या प्रश्नातूनच त्यांचं सगळं शिक्षण सुरू झालं, हे सहसा कोणी सांगत नाही.

मढच्या कोळीवाड्याला ही गोष्ट परकी नाही. आनंदीबाईंच्या काळात मढ साष्टी भागात होतं आणि साष्टी ठाणे जिल्ह्यात. कल्याणही त्याच जिल्ह्यातलं. म्हणजे मढ आणि आनंदीबाईंचं माहेर एकाच जिल्ह्यात होतं. आज मढ मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे, मोबाईलला रेंज आहे, मोठी हॉस्पिटलं आहेत. पण अर्ध्या रात्री बाळ दूध प्यायचं थांबलं तर घरात आजही तेच वाक्य ऐकू येतं : सकाळपर्यंत बघू.

कल्याणची यमुना

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. घराणं एकेकाळी जमीनजुमला असलेलं, पण तिच्या लहानपणी परिस्थिती उतरली होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने बराच मोठा. लग्नानंतर त्याने तिचं नाव आनंदी ठेवलं.

गोपाळराव विक्षिप्त माणूस. बायकोला शिकवायचं हा त्यांचा ध्यास होता आणि लग्नाआधीच त्यांनी ही अट घातली होती. ज्या काळात बाईने पुस्तक हातात धरलं तर घरात अपशकुन मानायचे, त्या काळात हा नवरा बायकोला अभ्यासाला बसवायचा. पण त्यांचा स्वभाव तापट होता. अभ्यास झाला नाही की ते हातही उचलायचे. आनंदीबाईंनी पुढे पत्रातून याबद्दल लिहिलं आहे. त्यामुळे गोपाळरावांना नुसतं थोर म्हणून किंवा नुसतं वाईट म्हणून भागत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पोस्टाची नोकरी म्हणजे बदल्या. कल्याणहून अलिबाग, पुढे कोल्हापूर, भूज, मग थेट कलकत्ता. प्रत्येक गावी नवं बिऱ्हाड आणि नवे शेजारी. नवरा-बायको बरोबर रस्त्याने चालले तरी लोक टोमणे मारायचे. ती मुलगी खाली मान घालून चालत राहिली आणि शिकत राहिली.

दहा दिवसांचं बाळ

चौदाव्या वर्षी बाळंतपण आलं. मुलगा झाला आणि दहाव्या दिवशी गेला.

तेव्हाचं चित्र डोळ्यांपुढे आणलं तर हे का झालं ते कळतं. बाळंतपण घरात, अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातून. डॉक्टर होते, मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होतं. पण डॉक्टर म्हणजे पुरुष आणि बाळंतिणीला परपुरुषाला दाखवायचं नाही, ही घरोघरची रीत. बाईमाणसाला बाई डॉक्टर मिळणं जवळजवळ अशक्य होतं. खास बायका-मुलांसाठी मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं ते १८८६ मध्ये, आनंदीबाईंचं बाळ जाऊन काही वर्षं उलटल्यावर. तोवर घरोघर काढे, घुटी, अंगारा आणि वाट बघणं.

बाळ गेल्यावर आनंदीबाईंच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. बाई डॉक्टर असती, तिला वेळेवर दाखवता आलं असतं, तर कदाचित हे टळलं असतं. आपणच डॉक्टर व्हायचं, हा त्यांचा निश्चय तिथून सुरू झाला.

आज तसं बाळ घरात असेल तर काय करायचं, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवं. जगभरात जन्मानंतर महिन्याभरात जी बाळं दगावतात, त्यातली साधारण तीन चतुर्थांश पहिल्या आठवड्यातच जातात. तान्हं बाळ सांगू शकत नाही, पण खुणा दाखवतं. यातली एक खूण दिसली तरी सकाळची वाट बघायची नाही :

• बाळ दूध ओढत नाही किंवा आधी नीट पीत होतं ते थांबलं आहे.
• बाळ मलूल पडलं आहे, हलवल्याशिवाय हातपाय हलवत नाही.
• शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेतं, छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, कण्हल्यासारखा आवाज येतो.
• काखेत थर्मामीटर लावून ताप ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त आहे, किंवा उलट बाळ हातापायांना आणि पोटाला थंडगार लागतं.
• झटके येतात.
• पहिल्याच दिवशी अंग पिवळं दिसतं, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे होतात.
• नाळेतून पू येतो, बेंबीभोवती लाल झालं आहे.

निघेपर्यंत आणि वाटेत घरच्यांनी करायचं ते इतकंच : बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून वरून पांघरूण घालायचं, डोक्याला टोपडं घालायचं, ओढत असेल तर अंगावरचं दूध द्यायचं. मध, घुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर काही नाही. नाळेला हळद, राख, तेल लावायचं नाही. अंघोळ घालायची नाही. आजीचा हात बाळाच्या अंगावर असावा, पण निर्णय आजीच्या अंदाजावर सोडू नये.

यातलं बरंचसं ज्ञान आपल्या महाराष्ट्रातच सिद्ध झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या घरी जाऊन बाळ बघायच्या, वजन करायच्या, श्वास मोजायच्या. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे. त्यांना दारातून परत पाठवू नये. आनंदीबाईंच्या दारात अशी ताई कधी आली नव्हती.

पोस्टाने आलेली औषधं

बायकोला अमेरिकेत शिकवता येईल का, म्हणून गोपाळरावांनी कोल्हापुरातल्या ओळखीच्या वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेलं मासिक त्यांनी उचललं आणि हे पत्र वाचलं. १८८० ची ही गोष्ट. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र घातलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या आणि हे नातं शेवटपर्यंत टिकलं.

कलकत्त्याला असताना आनंदीबाईंची तब्येत ढासळू लागली. सतत डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप, कधी धाप. हे कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. हेतू मायेचा होता. पण रोगी इथे, औषध तिथून, मध्ये समुद्र आणि तपासलेलं कोणी नाही. गुण आला नाही.

हा प्रसंग वाचताना आज अनेकांना आपलं घर आठवेल. शेजारणीला लागू पडलेली गोळी आणली जाते. मेडिकलवाल्याला लक्षणं सांगून पुडी घेतली जाते. मोबाईलवर आलेला मेसेज बघून काढा उकळला जातो. जुनी चिठ्ठी दाखवून तेच अँटिबायोटिक परत घेतलं जातं. त्याने दोन दिवस बरं वाटतं आणि खरा आजार आत वाढत राहतो. परत परत येणारा ताप, न जाणारी डोकेदुखी, चालताना लागणारी धाप, उतरत जाणारं वजन, यातलं काहीही असेल तर माणसाला समोर बसवून तपासून घ्यावं लागतं.

समुद्रापार

तब्येत अशी असतानाही आनंदीबाई मागे हटल्या नाहीत. बाईने एकटीने परदेशी जायचं म्हटल्यावर कलकत्त्याकडच्या आणि इकडच्या लोकांनी चांगलंच झोडपलं. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि आपण का जात आहोत ते लोकांपुढे मांडलं. आपल्या बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे आणि आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा. तेव्हा त्या अठराव्या वर्षात होत्या.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटर मावशी न्यायला आल्या होत्या. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात प्रवेश मिळाला. फक्त स्त्रियांसाठी १८५० मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज. प्राचार्या रेचल बॉडली यांनी शिष्यवृत्तीची सोय केली.

तिथे जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली याही शिकत होत्या. १८८५ मध्ये काढलेला या तिघींचा एकत्र फोटो आजही पाहायला मिळतो. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आणि मध्ये कुठेही संकोच नाही.

अभ्यास जमला, हवा जमली नाही. कडाक्याची थंडी, परकं अन्न, शाकाहारी माणसाचे हाल. मुळातच अशक्त असलेलं शरीर आणखी खचत गेलं. पण सुट्टी घेऊन घरी यावं असं त्यांनी केलं नाही. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांच्या बाळाची आई बाळंतपणावरच प्रबंध लिहिते, यात नवल नाही.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनेही अभिनंदन कळवलं. आनंदीबाई तेव्हा एकवीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या.

परत आल्या, पण

कोल्हापूर संस्थानाने त्यांची अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागावर नेमणूक केली. ज्या कामासाठी सगळं सोसलं, ते काम समोर होतं. पण १८८६ च्या शेवटी त्या मायदेशी उतरल्या तेव्हा क्षयाने त्यांचं शरीर पोखरलं होतं. नोकरीवर रुजू होणंही झालं नाही. एकही बाळंतीण त्यांच्या हाताखाली सुटी व्हायच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांनी प्राण सोडला.

क्षयाचा जंतू जर्मनीच्या रॉबर्ट कॉक यांनी १८८२ मध्येच शोधला होता. रोग कशाने होतो हे कळलं होतं, पण त्यावर औषध नव्हतं. ते यायला अजून साठेक वर्षं लागणार होती. म्हणून आनंदीबाई वेळेवर दवाखान्यात गेल्या असत्या तर वाचल्या असत्या, असं म्हणता येत नाही. त्यांच्याकडे तो मार्गच नव्हता.

आज तो आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, भूक आणि वजन कमी होणं, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. औषधंही फुकट मिळतात. साध्या क्षयाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो आणि तो पूर्ण केला तर माणूस बरा होतो. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे लोक स्वतःचं आणि घरच्यांचं नुकसान करतात. तान्ह्या बाळाला जन्मल्यावर बीसीजीची लस दिली जाते, ती मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. ज्या रोगाने आनंदीबाईंना नेलं, तो रोग आता लाज धरून लपवण्यासारखा राहिलेला नाही.

मढच्या घरात

मढचं पाणी तीन बाजूंना. वर्सोवा नजरेसमोर दिसतं, पण मध्ये खाडी आहे. रस्त्याने जायचं तर मार्वे, मालवणी करत मालाड गाठायचं. कांदिवलीचं शताब्दी किंवा विलेपार्ल्याचं कूपर हॉस्पिटल गाठायला लागणारा वेळ धरूनच निर्णय घ्यावा लागतो. शहरातल्या घराने तासभर वाट बघितली तर चालून जाईल, मढच्या घराला तो तास परवडत नाही. म्हणून घरात बाळंतीण असेल तर कोणाची गाडी, कोण बरोबर येणार, कुठल्या हॉस्पिटलला जायचं, हे आठवा महिना लागताच ठरवून ठेवावं. अँब्युलन्ससाठी १०८, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ हे नंबर घरातल्या पोराबाळांनाही पाठ हवेत.

बाळंतिणीला एकामागून एक कपडे भिजतील इतकं रक्त जाणं, ताप, घाण वासाचा स्राव, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, यात थांबायचं नाही. तिला आडवं झोपवून, पाय थोडे उंच करून, पांघरूण घालून लगेच हलवायचं.

बाकी रोजच्या प्रसंगांत घरच्यांनी करायचं थोडकं आहे, पण ते नेमकं हवं :

• भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरावं. अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ नको. स्वच्छ कापडाने झाकून दवाखाना. तोंड, हात, जांघ भाजली असेल किंवा लहान मूल असेल तर वेळ घालवू नये.
• मुलाला झटका आला तर कुशीवर वळवावं, आजूबाजूच्या कडक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा, पाणी काही घालू नये. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. झटका पाच मिनिटांहून लांबला, परत आला किंवा पहिल्यांदाच आला तर थेट हॉस्पिटल.
• जुलाब लागले तर ओआरएसचं एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कालवून घोट घोट पाजावं, अंगावरचं दूध चालू ठेवावं. डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त पडलं, मूल पाणीही पीत नाही, तर न्यावं.
• छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, तर गॅस समजून सोडा पिऊ नये. १०८ ला फोन करावा.
• पाण्यातून माणूस काढला तर त्याला उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये. श्वास चालू आहे का बघावं. नसेल तर तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब देणं ताबडतोब सुरू करावं. ही रीत कोळीवाड्यातल्या तरुणांनी एकदा प्रशिक्षण घेऊन शिकून ठेवावी. आक्साच्या किनाऱ्यावर दरवर्षी पाणी माणसं ओढून नेतं, हे मढकरांना सांगायला नको. शुद्धीवर आला तरी त्याला दवाखान्यात दाखवावंच.

प्रथमोपचाराने रोग बरा होत नाही. डॉक्टरच्या हातात जाईपर्यंत माणूस आणखी बिघडू नये, एवढ्यासाठी तो असतो. आजीबाईच्या बटव्यालाही घरात जागा आहे, पण सर्दी-पडशापुरती.

मावशीच्या गावी

आनंदीबाई गेल्यावर त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी गावच्या स्मशानभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवली आहे. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला त्यांचं नाव दिलं आहे. कोल्हापूरच्या ज्या हॉस्पिटलात त्या रुजू होणार होत्या, तिथे मात्र त्यांना एक दिवसही काम करता आलं नाही.

आज मढमधून पोरी डॉक्टर, नर्स, आशाताई होतात. अर्ध्या रात्री फोन केला तरी त्यातली कोणी तरी उचलते. आनंदीबाईंना आपल्या बाळासाठी हवं होतं ते हेच. तो फोन वेळेवर करणं तेवढं घरच्यांच्या हातात आहे.